बापाच्या हाताखाली

शास्त्रपाठ : १ इतिहास २५:१-८



इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील हा पंचविसावा अध्याय आपण सहसा वाचीत नाही. नावांची लांबलचक यादी आली की आपण पाने उलटतो, आणि शब्बाथ शाळेच्या पाठांतही त्याला क्वचितच जागा मिळते. परंतु ज्या मंडळीने आपल्या मुलांच्या हाती कॉर्नेट, क्लॅरिओनेट आणि ड्रम दिले आहेत, तिने तो एकदा सावकाश वाचावा.

दावीद राजा आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना परमेश्वराच्या मंदिरातील गायनवादनासाठी वेगळे करतो. झांजा, सतार, वीणा अशी त्यांची वाद्ये. शिकून तयार झालेल्यांची संख्या २८८ दिली आहे, आणि बारा-बारा जणांचे २४ वर्ग पाडले आहेत. हेमानाला चौदा मुलगे व तीन मुली होत्या हेही लेखक आवर्जून सांगतो. ही सारी व्यवस्था झाली तेव्हा मंदिराचा एक दगडही बसलेला नव्हता. मंदिर बांधले ते पुढे शलमोनाने. म्हणजे भिंती उभ्या राहण्याआधी वाजविणारे तयार करण्याचे काम चालू झाले होते.

आणि हे वाजविणारे कोठे तयार झाले? तिसऱ्या वचनात यदूथूनाच्या मुलांविषयी, आणि सहाव्या वचनात पुन्हा सांगितले आहे की ती मुले आपल्या बापाच्या हाताखाली होती. मंदिराच्या सेवेची शिस्त अशी घराण्यातूनच आली होती. बाप सांगतो, मुलगा वाजवितो, चुकतो, पुन्हा वाजवितो. ज्या दिवशी मुलगा मंदिरात उभा राहिला, त्या दिवशी लोकांनी ऐकले ते वर्षानुवर्षांच्या सरावाचे फळ होते.

आता आपली स्थिती पाहू या. बहुतेक ठिकाणी मुलांचा बँड शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी उपासनेनंतर तासभर जमतो. त्या तासातील अर्धा वेळ मागच्या आठवड्यात शिकविलेले पुन्हा आठवून देण्यात जातो. उरलेल्या अर्ध्या तासात जे नवे शिकविले जाते, ते पुढच्या शनिवारपर्यंत पुसले जाते. मग डिसेंबर उजाडतो, पंधरा दिवस धावपळ होते, आणि नाताळच्या फेरीत आपण गतवर्षीचीच चार गीते वाजवितो. शिक्षक म्हणतात, मुले घरी सराव करीत नाहीत. आईबाप म्हणतात, आजकालच्या मुलांना कशाचीच आवड नाही. आणि एखादा मुलगा हळूच येईनासा होतो. त्याला वाद्याचा कंटाळा आलेला नसतो. शेजारच्या मुलाला जमते आणि आपल्याला जमत नाही, याची त्याला लाज वाटत असते. त्या लाजेने तो बँड सोडतो, पुढे शब्बाथ शाळा सोडतो, आणि काही वर्षांनी आपण विचारतो की तरुण मंडळीत का दिसत नाहीत.

मुलाला बोल लावण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : त्याचे वाद्य सोमवारी कोठे असते?

पुष्कळ मंडळ्यांत त्याचे उत्तर एकच आहे. वाद्य चर्चच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे असते. वाद्य महागाचे आहे, मुले हयगय करतील, पितळेला पोचा येईल, ही भीती खोटी नाही. पण पोच्यापासून वाचविलेले वाद्य कपाटात काळे पडते आणि त्याचे व्हॉल्व्ह अडकून बसतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील तिसऱ्या चाकराने धन्याचे रुपये सुरक्षितच ठेवले होते. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, नुसते जमिनीत पुरले. पंचकमिटीच्या पुढच्या सभेत हा विषय निघाला तर त्या चाकराची आठवण ठेवावी. वहीत नोंद करून, पालकांची सही घेऊन, वाद्य मुलाच्या घरी जाऊ द्यावे. ते घरी गेल्याशिवाय घरच्या सरावाचा उपदेश करणे म्हणजे रिकाम्या ताटावर बसवून जेव म्हणण्यासारखे आहे.

आपण वडोदऱ्याचे लोक आहोत, आणि या बाबतीत आपल्या शहराजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ साली उस्ताद मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा सुरू केली. तीच संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी म्हणून सुरसागर तळ्यासमोर उभी आहे. तोपर्यंत गाणे शिकायचे म्हणजे उस्तादाच्या घरी राहायचे, त्याची सेवा करायची आणि त्याच्या कानांदेखत रियाज करायचा अशी पद्धत होती. शाळेत मात्र मूल काही वेळ येणार आणि आपल्या घरी परत जाणार. मग रियाज कोठे व्हायचा? मौलाबक्षांनी स्वर लिहून ठेवण्याची पद्धत बसविली आणि त्या लिपीत धडे छापले. माझ्या मते त्या पुस्तकांचे खरे मोल येथे आहे : धडा कागदावर उतरला, म्हणून तो मुलाबरोबर घरी जाऊ शकला. आपल्या बँडमधील मुलाच्या वहीत तरी त्या आठवड्याचे दोन माप लिहिलेले असतात काय?

मौलाबक्षांविषयी त्यांच्या घराण्यात एक कथा सांगितली जाते. घसीट खाँ नावाचे एक थोर गवई होते, ते कोणालाच शिकवीत नसत. तरुण मौलाबक्षांनी त्यांच्या दरवानाशी स्नेह जोडला, आणि खाँसाहेब रात्री गाऊ लागले की ते बाहेर बसून ऐकत. जे ऐकले ते दुसऱ्या दिवशी आपल्या घरी घोटीत. एकदा खाँसाहेब त्यांच्या घरावरून जात असता आपलीच गायकी कानी पडली म्हणून थबकले, आणि अखेरीस त्यांनी या तरुणाला शिष्य करून घेतले. (चोरून ऐकण्याचा धडा मी शब्बाथ शाळेला घालून देत नाही.) गुरूने त्यांना ओळखले ते घराच्या खिडकीतून आलेल्या आवाजावरून, एवढे येथे पाहावे.

दाविदाचेही असेच आहे. शौलाला वीणा वाजविणारा पाहिजे होता तेव्हा एक सेवक म्हणाला की इशायाचा एक मुलगा वाजविण्यात निपुण आहे, आपण त्याला पाहिले आहे (१ शमुवेल १६:१८). तो निपुण झाला केव्हा? राजवाड्यातून बोलावणे येण्याच्या आधी, बेथलेहेमात, मेंढरांपाशी. त्याला ऐकायला सभा नव्हती, टाळ्या नव्हत्या.

मुलांना हेच जड जाते. चर्चमध्ये वाजविताना लोक ऐकतात, आई कौतुकाने पाहते. घरी एकट्याने तोच एक स्वर लांबवीत बसायचे, त्यात कसली भक्ती? प्रभू येशूने खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले, कारण गुप्तपणे पाहणारा पिता तेथे असतो (मत्तय ६:६). हे वचन प्रार्थनेविषयी आहे, पण मुलाच्या सरावाला ते लावण्यास मला संकोच वाटत नाही. जर्मनीतील थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख याने १७२० साली आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी एक वही सुरू केली. तिच्यात आरंभीच कोणत्या स्वरावर कोणते बोट ठेवायचे याचा लहानसा धडा आहे. त्या धड्याच्या माथ्यावर बापाने लॅटिन भाषेतील तीन आद्याक्षरे लिहिली, त्यांचा अर्थ ‘येशूच्या नावाने’. ते काही उपासनेचे गीत नव्हते. बोटे बसविण्याचा कंटाळवाणा पाठ होता. तरी बाखाला त्यावर ते नाव लिहिणे योग्य वाटले. आपल्या मुलांच्या वहीवरही कोणी ते लिहून द्यावे.

एक कुटुंब आणखी आठवते. साल्व्हेशन आर्मीचे बँड आज जगभर आहेत. त्यांचा आरंभ १८७८ साली इंग्लंडमधील सॉल्सबरी गावी चार्ल्स फ्राय नावाच्या बांधकाम करणाऱ्या गृहस्थापासून झाला. तो व त्याचे तीन मुलगे पितळी वाद्ये घेऊन रस्त्यावरच्या सभेत उभे राहिले. चारच वर्षांनी, सप्टेंबर १८८२ मध्ये, या आर्मीचे पहिले लोक मुंबईत उतरले, आणि वाद्ये वाजवीत मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडले. या चळवळीचा पहिला बँड म्हणजे एक बाप आणि त्याची मुले.

येथे एखादा पिता म्हणेल, मला तर सारेगमही येत नाही, माझ्या हाताखाली मुलगा काय शिकणार? भाऊ, तुम्ही शिकवावे अशी अपेक्षाच नाही. तुम्ही संध्याकाळी टी.व्ही. वीस मिनिटे बंद करावा, आणि “आवाज बंद कर” हे वाक्य तेवढ्या वेळात उच्चारू नये. नव्या क्लॅरिओनेटची चीं-चीं ऐकणे हा कानांना त्रास आहे हे मान्य. परंतु मूल चालायला शिकत असताना पडले तर आपण हसून उचलले. वाजविताना अडखळले तर का खेकसावे? आईने स्वयंपाक करता करता नुसते विचारावे, “कालच्यापेक्षा आज ती ओळ बरी वाजली का रे?” मूल त्या प्रश्नासाठी उद्या पुन्हा वाद्य हाती घेईल.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. रोजची पंधरा मिनिटे आठवड्यातील एका दिवसाच्या दोन तासांहून अधिक कामाची आहेत. कॉर्नेट किंवा ट्रम्पेट वाजविणाऱ्या मुलाचे ओठ लवकर थकतात. थकलेल्या ओठांनी रेटून वाजविले तर वाईट सवयच पक्की होते. शिवाय बोटांनी शिकलेली हालचाल रात्रीच्या झोपेत मुरते असे अभ्यासकांनाही आढळले आहे, म्हणून सहा रात्री मध्ये असणे बरे. सराव म्हणजे गीत आरंभापासून शेवटपर्यंत तीनदा वाजविणे, असे मुलांना वाटते. तसे नव्हे. जेथे बोट अडते तेथे पेन्सिलीने खूण करावी, तेवढेच माप सावकाश, अगदी गोगलगायीच्या चालीने, पाच वेळा बिनचूक वाजवावे, मग थोडी गती वाढवावी. ड्रमवाल्या मुलाने रबराच्या तुकड्यावर काठ्या चालवाव्यात. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची झोपही देवाने दिलेली आहे. परीक्षेच्या दिवसांत पाच मिनिटांवर यावे, पण शून्यावर येऊ नये.

बक्षिसांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. कित्येक शिक्षक सरावाचे कार्ड देतात, मूल रोज किती मिनिटे वाजविले ते लिहिते, पालक सही करतात, आणि महिन्याअखेर सर्वांत जास्त मिनिटांना बक्षीस. लहानांना आरंभी याचा उपयोग होतो हे खरे. पण लवकरच मूल घड्याळाकडे पाहून वाजवू लागते, आणि शनिवारी रात्री सात दिवसांच्या सह्या एकदम होतात. आपणच त्याला लबाडीची वाट दाखवितो. त्यापेक्षा प्रत्येकाला एक छोटे काम नेमून द्यावे : “पुढच्या शनिवारी ही एक ओळ तू वाजवून दाखवायची.” आणि खरोखरच ऐकावी. मात्र सर्वांपुढे नव्हे, तीन-चार जणांच्या गटात, म्हणजे चुकणाऱ्याची फजिती होणार नाही. पौल म्हणतो की कर्ण्याचा नाद स्पष्ट निघाला नाही तर लढाईची तयारी कोण करील (१ करिंथ १४:८). स्पष्ट नाद एकेका ओळीनेच येतो.

सर्वांत मोठी प्रेरणा मला वाटते ती ही, की कोणीतरी त्या सुराची वाट पाहत असावे. प्रत्येक मंडळीत असे वृद्ध आहेत की ज्यांना गुडघ्यांमुळे उपासनेला येता येत नाही. पाळकांनी अशा एका घरी निरोप पाठवावा की महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन मुले येऊन तुमच्या आवडीचे गीत वाजवतील, कोणते ते तुम्ही सांगा. मग मुलांना गीताचे नाव आणि त्या आजींचे नाव दोन्ही सांगावे. तिघांपैकी एकाचे वाद्य कमी शिकलेले असेल तर त्याला फक्त धरून ठेवायचे लांब स्वर द्यावेत, पण त्याला वगळू नये. आठव्या वचनात चिठ्ठ्या टाकताना लहानमोठा, गुरू-शिष्य हा भेद ठेवलेला नाही. आणि त्या महिन्यात घरोघरी कौटुंबिक उपासनेच्या आधी मुलाने त्या गीताची जेवढी बसली असेल तेवढी चाल वाजवावी. पहिल्या आठवड्यात ती एकच ओळ असेल. बाकीच्यांनी तेथून पुढे तोंडाने गावे.