हात की हत्यार

महाभारतातल्या मौसलपर्वात अर्जुन हरतो, आणि हरतो तो लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्या आभीरांकडून. द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन तो निघालेला असतो आणि वाटेत पंचनद प्रदेशात लुटारू गाठतात. गांडीव तेच असते, पण त्याला प्रत्यंचा चढवताना दमछाक होते. अस्त्रे आठवत नाहीत, कधी न सरणारे भाते सरतात आणि शेवटी तो धनुष्याच्या टोकाने समोरच्यांना झोडपत राहतो. पुढे व्यास त्याला सांगतात की अस्त्रांचे काम झाले होते, ती गेली. हा प्रसंग वाचला की मागच्या साऱ्या कथेवर एक प्रश्न येऊन पडतो. खांडववनापासून कुरुक्षेत्रापर्यंत जिंकत कोण आले होते, अर्जुन की गांडीव?

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यापुढे हा प्रश्न जवळजवळ रोज उभा असतो. काल ज्या राक्षसाने दहादा लोळवले, त्याला आज पाडले. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. त्याचा वार कधी येतो हे आपल्याला कळायला लागले, आणि लोहाराकडे जाऊन आपण तलवार एक पायरी वर नेली. विजय कुणाच्या खात्यावर टाकायचा? ज्या खेळात हा प्रश्न जिवंत राहतो तो खेळ चांगला, असे माझे मत होत गेले आहे. आणि ज्या धंद्याने तो प्रश्नच मारून टाकला, त्याविषयी मला मनापासून चीड आहे.

शस्त्र वाढवत नेण्याची ही कल्पना कागदावरच्या खेळातून आली. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. त्यात जादूच्या तलवारीपुढे अधिक एक, अधिक दोन असे आकडे लिहिलेले असत. तलवारीचा चांगलेपणा मोजता येऊ लागला तो असा. आर्केडमधल्या यंत्रांवर मात्र वाढलेली ताकद टिकत नसे. कोनामीच्या 1985 सालच्या ‘ग्रेडियस’मध्ये विमानाला एकेक करत वेग, क्षेपणास्त्रे, लेझर, ढाल जोडत जायचे आणि एकदा का विमान फुटले की सगळे गेले. नेमक्या अवघड जागी उघडेबोडके विमान घेऊन पुन्हा उभे राहायचे. तिथे टिकायचा तो फक्त हात. घरच्या यंत्रांवर खेळ जपून ठेवण्याची सोय आली आणि हत्यारही जपून ठेवण्याची गोष्ट झाली.

पण त्या पहिल्या पिढीतल्या रचनाकारांना धोका दिसत होता असे वाटते. निन्टेन्डोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ 1986 सालचा. त्यात एका गुहेत म्हातारा बसलेला असतो आणि त्याच्यासमोर पांढरी तलवार ठेवलेली असते. ती कुणालाही दिसते, पण उचलता येत नाही. खेळाडूकडे प्राणशक्तीची पाच हृदये जमली असतील तरच ती मिळते. त्याआधी गेलात तर म्हातारा सांगतो, ती पेलायला शिकलास की घेऊन जा. त्यापुढच्या तलवारीला बारा हृदये लागतात. हत्यार तयार आहे, माणूस तयार व्हायचा आहे. परशुराम आणि द्रोण यांच्या गोष्टींवर वाढलेल्या वाचकाला यात काही परके वाटणार नाही. याच मालिकेतल्या 2017 सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तर हाती आलेली बहुतेक शस्त्रे काही वारांनंतर मोडतातच. त्यातल्या इव्हेन्टाइड नावाच्या बेटावर पाय ठेवला की शस्त्रे, चिलखत, शिदोरी, सगळे काढून घेतले जाते. बेटावर मिळेल त्या काठ्याकुठ्यांवर भागवायचे, तीन गोळे तीन चौथऱ्यांवर नेऊन ठेवायचे, मगच आपले सामान परत मिळते. रचनाकार खेळाडूला तिथे सरळ विचारतो आहे की तुझ्याजवळ तुझे काय आहे.

हाताने शिकलेले दिसत नाही, ही खरी अडचण आहे. तबलजीच्या बोटांत वीस वर्षांचा रियाज असतो, पण हात झाकलेले असताना तो कुणाला दाखवता येत नाही. खेळ ही न दिसणारी वाढ तलवारीवर लिहून काढतो. ‘डार्क सोल्स’ (2011) मधला आन्द्रे हा लोहार मला त्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. पडक्या चर्चच्या खालच्या अंगाला तो बसतो. पांढरी दाढी, उघडे अंग. जिना उतरताना तो दिसायच्या आधी त्याच्या हातोड्याचे घाव ऐकू येतात, आणि त्या मेलेल्या जगात तो आवाज ऐकला की धीर येतो. त्याच्याकडे टायटनाइटचे तुकडे आणि मारलेल्यांचे आत्मे घेऊन जायचे. साध्या तुकड्यांवर तलवार अधिक पाचपर्यंत जाते. तिथून पुढे त्याला कुठेतरी दडलेला मोठा निखारा शोधून आणून द्यावा लागतो, मग अधिक दहा. त्यापुढे आणखी मोठा निखारा. शेवटच्या, म्हणजे पंधराव्या पायरीला टायटनाइटची अख्खी पाटी लागते आणि ती सहजी मिळत नाही.

यात दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की तलवार तीच राहते. सुरुवातीच्या गावात एखाद्या हाडकुळ्या सैनिकाच्या हातून पडलेली तलवार शेवटच्या लढाईपर्यंत नेता येते, आणि तिच्यावरचा प्रत्येक आकडा म्हणजे कुठे जाऊन काय आणले याची नोंद असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तलवार वाढली म्हणून समोरचा राक्षस दुबळा होत नाही. त्याचे दोन-तीन फटके अजूनही जीव घेतात. फरक एवढाच की त्याला पाडायला तीसऐवजी पंधरा वार लागतात, म्हणजे चूक न करता उभे राहण्याचा काळ निम्म्यावर येतो. परीक्षा लहान होते, माफ होत नाही. म्हणूनच पहिल्या पातळीवरच्या पात्रानिशी, एकही पातळी न वाढवता हा खेळ पुरा करणारे लोक जगभर आहेत. काही जण तर हत्यारही वाढवत नाहीत. तसे खेळणे माझ्या आवाक्यातले नाही आणि सगळ्यांनी तसे खेळावे असेही नाही. पण तसे खेळता येते, ही दारातली फट रचनाकाराने उघडी ठेवली आहे, आणि खेळाचा प्रामाणिकपणा मी त्या फटीवरून ओळखतो.

कॅपकॉमच्या ‘मॉन्स्टर हंटर’ने याहून वेगळा आणि मला वाटते अधिक खोल विचार केला. 2004 पासून चालत आलेल्या या मालिकेत शिकाऱ्याची स्वतःची ताकद अनुभवाने वाढतच नाही. ‘हंटर रँक’ असते, पण ती अवघड शिकारीला जाण्याची परवानगी, बळ नव्हे. जे काही वाढते ते हत्यारात आणि चिलखतात, आणि ते बनते शिकार केलेल्या प्राण्याच्याच अंगापासून. राथालोस हा आग ओकणारा, पंखांचा, विषारी नख्यांचा प्राणी. त्याच्या खवल्यांचे चिलखत आगीला दाद देत नाही, त्याच्या हाडामांसाची तलवार आग लावते. शेपटीचा तुकडा हवा असेल तर लढता लढता धारदार हत्याराने शेपूट छाटावी लागते आणि मग तो उडत असताना, संधी साधून, ती जमिनीवर पडलेली शेपूट सोलायला धावावे लागते. डोके फोडले तर वेगळे काही मिळते, पंख फोडले तर वेगळे. म्हणजे चिलखत पुरे करायचे तर त्या प्राण्याचे सारे अंग, साऱ्या सवयी पाठ व्हाव्या लागतात. राथालोसचे पूर्ण चिलखत अंगावर असलेल्या माणसाला राथालोस कळलेला असतो. पोशाखच प्रमाणपत्र आहे.

एकच देखणा प्राणी पुन्हा पुन्हा मारायचा, हे मला खुपते, आणि तो लंगडत आपल्या घरट्याकडे निघतो तेव्हा जास्तच खुपते. ही मालिका त्या खुपण्याला पुरेसे उत्तर देत नाही. शिवाय यातही नशीब आहे. सर्वांत दुर्मीळ तुकडा पंचवीस शिकारी करूनही मिळत नाही, आणि आपल्याला काय हवे हे खेळाला कळते व नेमके तेच तो देत नाही, अशी खेळाडूंमध्ये जुनी समजूत आहे. पण तुकडा न मिळालेली शिकारही हातात काहीतरी ठेवून जाते. पंचविसाव्या शिकारीला आपण पहिल्याहून निम्म्या वेळात मोकळे होतो. नशिबाने दिले नाही तरी हाताने घेतलेले असते.

हाताची ही कमाई नसली की काय होते, ते ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (2006) दिसले. तिथे खेळाडूची पातळी वाढली की जगही त्याच्याबरोबर वाढते. परिणाम असा झाला की रस्त्यावर किरकोळ खंडणी मागणारे दरोडेखोरही पुढे पुढे अत्यंत महागडी काचेची चिलखते घालून फिरू लागले. आकडे चढत राहिले आणि अंतर तेवढेच राहिले. ‘डायब्लो 2’ची (2000) तऱ्हा वेगळी. तिथे निळी, पिवळी, हिरवी, सोनेरी अशा रंगांतली लूट पावसासारखी पडते, आणि जुने हत्यार सोडून नवे घेण्यात वेळ इतका भुर्रकन जातो की कालची तलवार कोणती होती हे आज आठवत नाही. त्यातली मजा खरी आहे, मी ती नाकारत नाही. फक्त तिथे हत्याराशी नाते जडत नाही.

हत्याराशी असे नाते आपल्या पुराणकथांत मात्र आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली आणलेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’मध्ये भावाच्या शोधात निघालेल्या मुलीला त्रिशूळ मिळतो तो दुर्गेकडून. आपल्याकडच्या गोष्टींत शस्त्र मिळते ते असे, तपाने किंवा कृपेने, आणि बहुधा अटींसकट. अट मोडली तर कर्णाचे व्हायचे ते होते. या पुराणकथांमध्ये शस्त्रवाढीच्या खेळासाठी किती नियम तयार पडले आहेत, आणि आपल्या रचनाकारांनी त्यातले फार थोडे उचलले आहेत, याची मला हळहळ वाटते.

आता मोबाइलकडे. महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती ‘पबजी मोबाइल’ आला, 2020 च्या सप्टेंबरमध्ये त्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी तो ‘बीजीएमआय’ नावाने परतला, मध्ये पुन्हा थांबला आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यातल्या बंदुकांच्या ‘स्किन’, म्हणजे वरची सजावट, पायरीपायरीने वाढवता येतात. एम 416 या बंदुकीची बर्फाळ ‘ग्लेशियर’ स्किन मुलांमध्ये दंतकथेसारखी आहे. पायरी चढली की गोळी लागल्याचा देखावा बदलतो, कुणाला मारले तर पडद्यावर झळकणारी सूचना बदलते. गोळीचा मार मात्र साध्या बंदुकीएवढाच. त्यासाठी लागते ‘यूसी’ हे खेळातले चलन, आणि यूसी येते वडिलांच्या यूपीआयमधून. नेम कुणाचा चांगला हे त्या स्किनमुळे बदलत नाही, तेवढ्यापुरता हा व्यवहार खेळाला इजा करत नाही. पण लोहाराची पायरी, तुकडे, जुळवाजुळव हा सारा विधी इथे फक्त इतरांनी पाहावे म्हणून उरला आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोराला पाहिले जाण्याची भूक किती असते, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक आहे.

याच्या टोकाची गोष्ट दक्षिण कोरियात घडली. एनसीसॉफ्टच्या ‘लिनेज’मध्ये (1998) मंतरलेली गुंडाळी वाचून हत्यार वाढवायचे. ठरावीक पायरीपर्यंत धोका नाही, त्यापुढे मंत्र फसला तर हत्यारच नाहीसे होते. महिनोन्‌महिन्यांची कमाई एका क्षणात गेली. निदान तिथे डाव कळत तरी होता. नेक्सॉनच्या ‘मेपलस्टोरी’मध्ये 2010 साली ‘क्यूब’ आले. पैसे मोजून क्यूब घ्यायचा आणि शस्त्राचे किंवा चिलखताचे दडलेले तीन गुण नव्याने फिरवायचे, जुगारातल्या यंत्राच्या तीन चाकांसारखे. त्याच वर्षी हवे असलेले गुण येण्याची शक्यता कंपनीने खेळाडूंना न सांगता कमी केली. 2011 च्या ऑगस्टपासून काही जोड्या, उदाहरणार्थ मोठ्या राक्षसाला जास्त मार देणारा गुण तिन्ही जागी येणे, लागूच नयेत अशी व्यवस्था केली गेली. शक्यता थेट शून्य. हे 2021 च्या मार्चपर्यंत कळवले गेले नाही. जवळजवळ दहा वर्षे माणसे पैसे भरून अशा गोष्टीसाठी चाक फिरवत राहिली जी त्या चाकावर नव्हतीच. 2024 च्या जानेवारीत तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने नेक्सॉनला सुमारे 1,160 कोटी वॉन दंड केला.

मला यात पैशापेक्षा दुसरी लूट मोठी वाटते. ‘मॉन्स्टर हंटर’मधली फुकट गेलेली शिकार हाताला काही शिकवते, फुकट गेलेला क्यूब काहीच शिकवत नाही. त्यात हात नाहीच. आणि नशीब म्हणून जे सांगितले होते, तेही नशीब नव्हते. जिंकले कोण, मी की माझी तलवार, असे विचारायला तिथे ना मी उरलो, ना तलवार.

22 मार्च 2024 पासून कोरियात अशा वस्तूंच्या शक्यता टक्केवारीत जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. ते आवश्यकच होते. पण आकडा छापल्याने फिरवायचे चाक चाकच राहते. आपल्याकडे कधी असा नियम करायची वेळ आली, तर त्या टक्क्यांच्या शेजारी आणखी एक ओळ छापायला लावावी असे मी म्हणेन. ही वस्तू विकत न घेता हा खेळ शेवटपर्यंत नेता येतो की नाही, हो किंवा नाही, एवढेच, पैसे भरायच्या बटणाच्या वर, त्याच आकाराच्या अक्षरांत.