दुसऱ्याच्या वेदनेचे अनुमान

कमरेतून निघून नितंब, मांडीची मागची बाजू आणि पोटरीवरून पावलापर्यंत उतरणाऱ्या वेदनेला आयुर्वेदात गृध्रसी आणि आधुनिक वैद्यकात सायटिका म्हणतात. तीत पाय उचलण्याची क्रिया अडते, हे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात नोंदलेले आहे. या अडथळ्यालाच परीक्षणाचे रूप १८८० मध्ये सर्बियन वैद्य व कथाकार लाझा लाझारेविच यांनी आणि १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लासेग यांचा शिष्य फोर्स्ट याने दिले. रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा न वाकवता वैद्य त्याचा पाय हळूहळू उचलतो आणि साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायात कळ उतरली, तर मणक्यांमधील सरकलेल्या चकतीने मज्जातंतूचे मूळ दाबले गेले असावे असे अनुमान करतो.

या अनुमानाची शुद्धता न्यायशास्त्राच्या परिभाषेत नेमकी तपासता येते. धुरावरून अग्नीचे अनुमान करताना धूर हा हेतू, म्हणजे खूण, अग्नी हे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, आणि त्यांचा कधीही न तुटणारा संबंध म्हणजे व्याप्ती. उलटपक्षी अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, आणि साध्य नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. लासेग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी बहुतांशी सव्यभिचारच आहे. मूळ दाबलेले असता कळ बहुधा उठते, पण ती इतर कारणांनीही उठू शकते. म्हणून कळ न उठणे हेच उठण्यापेक्षा अधिक सांगून जाते. निरोगी बाजूचा पाय उचलताच दुखऱ्या पायात कळ येणे हे लक्षण मात्र धुराच्या जातीचे, म्हणजे क्वचित दिसणारे पण दिसल्यास बरेच विश्वसनीय.

येथवर साध्य आहे ते वेदनेचे कारण, स्वतः वेदना नव्हे. नैयायिकांच्या मते दुःख हा आत्म्याचा गुण असून त्याचे प्रत्यक्ष ज्याचे त्यालाच, मनाच्या द्वारे, होते. हा भेद विसरला की काय घडते, हे स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वाडेल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या चिन्हांच्या इतिहासात दिसते. झोपून पाय उचलल्यावर दुखते, पण बसून तोच पाय सरळ केल्यास दुखत नाही, यासारखी विसंगती रुग्णाच्या मानसिक अवस्थेकडेही पाहण्याची सूचना म्हणून त्यांनी सांगितली होती. नुकसानभरपाईच्या वादांत तिचा उपयोग ढोंग उघडे पाडण्यासाठी होऊ लागला आणि हा अर्थ चुकीचा असल्याचे स्वतः वाडेल यांनाच पुढे सांगावे लागले.

त्या वापरातील तार्किक दोष अधिक खोल आहे. परीक्षकाला प्रत्यक्ष दिसतो तो केवळ पायाचा कोन. त्या कोनाला हेतूचे सामर्थ्य येते ते ‘येथे दुखते’ या रुग्णाच्या शब्दाने, म्हणजे आप्तवाक्याने, विश्वसनीय व्यक्तीच्या वचनाने, आणि वेदनेच्या बाबतीत रुग्णाहून अधिक आप्त कोणी संभवत नाही. शब्दप्रमाणावर उभ्या राहिलेल्या अनुमानाने त्याच शब्दाला खोटे ठरवायचे म्हटले, तर शब्दाबरोबर हेतूही नाहीसा होतो आणि परीक्षकाच्या हाती फक्त उचललेला पाय उरतो.