उघड्या डोळ्यांची झोप

डोळे उघडे असणे म्हणजे जागे असणे, अशी आपली सहज समजूत असते. ज्याला आपण गोल्डफिश म्हणतो, त्या सोनेरी माशावर या समजुतीने मोठाच अन्याय होतो. त्याला पापण्याच नाहीत. काळोख झाला की तो तळाजवळ जवळजवळ निश्चल राहतो. हीच त्याची झोप. परंतु दिवाणखान्यातील काचपात्रावर रात्रभर दिवा जळत राहिला, तर तो काळोख त्याच्या वाट्याला येत नाही. आणि डोळे सदैव उघडे असल्यामुळे त्याचे काही हिरावले जात आहे, ही शंकाही आपल्या मनाला शिवत नाही.

सुमारे हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये हा मासा पाळला जाऊ लागला तो त्याच्या रंगासाठी, म्हणजे केवळ पाहण्यासाठी. पाहण्यात हिंसा कसली, असे कोणीही विचारील. या प्रश्नाचे उत्तर निशाचर प्राण्यांच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात त्यांच्यासाठी स्वतंत्र गृह आहे. अशा गृहांची योजना सामान्यतः अशी असते की, दिवसा आत मंद प्रकाश ठेवून रात्र निर्माण करावयाची आणि प्रेक्षक गेल्यावर दिवे लावून दिवस. सरकारी भाषेत बोलावयाचे तर, आपल्या सोयीसाठी त्यांच्या रात्रीची बदली केली जाते. बदली सुखाची नसते, हे आपणा वाचकांना सांगावयास नको. तरीही त्यात रात्र आणि दिवस दोन्ही मिळतात. फक्त वेळा बदलतात. प्राण्यांच्या देहातच एक घड्याळ असते आणि ते प्रकाशाच्या फेऱ्याशी जुळवून घेते. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. काचपात्रातील माशाची मात्र बदली होत नाही. त्याची रात्रच रद्द होते.

मग पाहूच नये काय? माझ्या मते दोष पाहण्यात नाही. समोरच्याने सदैव दिसत राहिले पाहिजे, या अपेक्षेत आहे. झोप म्हणजे नुसती विश्रांती नव्हे. जगाला काहीही देणे न लागण्याचा तो काळ आहे. जो मिटू शकत नाही, त्याच्या वतीने दिवा मालवणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. मासा तक्रार करीत नाही, हे खरे. पण मौन म्हणजे संमती, हा नियम ज्यांना बोलता येते त्यांच्यापुरताच खरा आहे.