उजव्या पायाची घाई

गाडी चालवताना मी पेट्रोल वाचवतो, हे खरे. पण कशासाठी? लिटरला शंभराची नोट पुरत नाही, म्हणून? की आपल्या देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून विकत आणावे लागते आणि पेट्रोलचा प्रत्येक लिटर हवेत सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, याची जाण आहे म्हणून? मन लगेच दुसरे कारण पुढे करते. खरे सांगायचे तर पहिलेच जास्त बळकट आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कष्टाचा पैसा जपलाच पाहिजे. मात्र खिसा आणि विवेक शेवटपर्यंत एकाच वाटेने जात नाहीत.

दोघांची वाट एक असते, तोवर सोपे असते. दूरवर सिग्नल लाल दिसला, की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि गाडी गिअरमध्येच ठेवायची. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात अशा वेळी इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. चाकेच इंजिन फिरवत राहतात. गाडी आपसूक मंदावते आणि कित्येकदा पोहोचेपर्यंत हिरवा लागतो. शेवटपर्यंत दामटून करकचून ब्रेक मारला, तर पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपतो. टायरमधली हवा वेळच्या वेळी तपासणे, थांबायचे असेल तर इंजिन बंद करणे, हेही असेच सरळ.

हमरस्त्यावर मात्र मनाची परीक्षा असते. ताशी ८० वरून १०० वर गेले, की हवेचा अवरोध दीडपटीहून जास्त होतो आणि इंजिनाला तो सगळा पेट्रोल जाळून कापावा लागतो. साठ किलोमीटरांत त्यातून वाचतात नऊ मिनिटे. त्या नऊ मिनिटांचे मी काय करणार असतो? बहुतेक वेळा काहीच नाही. कुणीतरी ओव्हरटेक करून गेलेले सोसत नाही, एवढेच. म्हणजे पेट्रोल गरजेपोटी नाही, अहंकारापोटी जळते.

बचतीचाही मोह असतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकण्याची जुनी सवय अनेकांना आहे. त्यात इंजिन चालू राहायला इंधन लागतेच, वर इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चार पैसे वाचतील या समजुतीपायी समोरून चढणाऱ्या एसटीतल्या माणसांचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार मला कुणी दिला?

सर्वात अवघड प्रश्न गाडी सुरू करण्याआधीचा आहे. कोपऱ्यावरून भाजी आणायला ती काढायचीच कशाला? थंड इंजिन तापेपर्यंत जास्तच पेट्रोल पिते, म्हणजे सर्वात जवळची फेरीच किलोमीटरमागे सर्वात महाग. ती कितीही निगुतीने चालवली, तरी न काढलेल्या गाडीएवढी बचत होत नाही. चांगला चालक असल्याच्या समाधानाआड हा प्रश्न सहज दडतो. म्हणून किल्ली हातात घेताना तो स्वतःला विचारायचा, आणि उत्तर ‘गरज नाही’ असे आले तर पायी निघायचे, असे मी ठरवले आहे. ॲव्हरेजचा हिशेब त्यानंतर.