तळघरातली टाकी

बेंगळुरूमधला बेळ्ळंदूरचा तलाव फेसाळला, फेब्रुवारी 2017 मध्ये चक्क पेटला, तेव्हा ते फोटो घरोघरी पोचले. तिथल्या टॉवरांच्या तळघरात, पार्किंगच्या मागे, सांडपाण्याची टाकी असते. तिच्यात उतरणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

टाकीतला हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. जवळच्या एचएसआर लेआउटमध्ये, सोमसुंदरपाळ्यात, जानेवारी 2018 मध्ये एका अपार्टमेंटच्या टाकीत तिघे गुदमरून गेले.

हा निव्वळ दैवाचा खेळ असता, तर त्याला जात कशाला लागली असती? 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे 17 टक्के आहे. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत 2024 पर्यंत नोंदलेल्या सुमारे 38 हजार गटार-कामगारांमध्ये तेच सुमारे 69 टक्के भरते. 2019 ते 2023 या काळात या कामात 377 जण दगावले, हे सरकारनेच संसदेत सांगितले. अमेरिकेत कामावरच्या मृत्यूंचे आकडे वंशानुसार छापतात. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कामगारांचा मृत्युदर तिथे सरासरीहून जास्त निघतो. आपल्याकडे वंशाचे काम जात करते, आणि चोख करते.

‘तो राजीखुशीने आला होता, पैसे ठरले होते,’ हे सोसायटीचे ठरलेले उत्तर. काम खरोखर राजीखुशीचे असते, तर वरच्या मजल्यावरच्या एखाद्या भाच्यानेही कधीतरी त्यासाठी अर्ज केला असता.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ चित्रपटात मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. तो आत खडा टाकून झुरळे बाहेर येतात का पाहायचा. आली तर उतरायचा. सुरक्षेचे साधन ते एवढेच. त्याला आत्महत्येला चिथावल्याचा खटला मात्र चालतो गाणे म्हणणाऱ्या शाहिरावर.

कायदा तसा स्पष्ट आहे. 2013 पासून सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात वा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत 2019 मध्ये तिघे मेले, तेव्हा काम कंत्राटदाराचे होते. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने 2021 मध्ये सरकारला प्रत्येकी 10 लाख द्यायला लावले. ते पैसे जबाबदार असतील त्यांच्याकडून वसूल करण्याची मुभाही दिली. त्यात सोसायटी येते की नाही, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या आधी विचारायला हरकत नाही.