न रंगवलेली बाजू

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. तिची प्रतिकृती मी भंगारातून करतो आहे. अंग बिस्किटांच्या पुठ्ठ्याचं, वरचा दांडा मोडक्या छत्रीच्या काडीचा, दिवे गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पन्नीचे. माझ्याकडच्या फोटोत गाडीची एकच बाजू दिसते. दुसरी अंदाजाने सजवली तर कुणाला कळणारही नाही. तेच टोचतं. ट्राम पाहिलेली माणसं कमी होत चालली. उद्या माझा अंदाजच कुणाची तरी आठवण होऊन बसेल. काडीला दांडा म्हणणं खोटं नाही, न पाहिलेलं पाहिल्यासारखं दाखवणं खोटं. म्हणून ती बाजू रंगवली नाही. तिथे पुठ्ठ्यावरची अक्षरं तशीच वाचता येतात.