उतारावरील निवृत्ती

बालाघाटाच्या डोंगरात, मांजरसुंब्यापासून जवळच, कपिलधारच्या दरीत ‘परमरहस्य’कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेला तेथे पायी येणाऱ्या वीरशैव मंडळींस ज्या प्रश्नाचे प्रयोजन पडत नाही, तो मला श्रावणातल्या एका ओल्या सकाळी, त्याच उतारावर, एका सायकलीने घातला.

सायकल जुनी, काळी, लोखंडी सळयांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची. मागच्या हबमध्ये नवी मोटर, कॅरिअरवर सुतळीने आवळलेली बॅटरी. एकूण सात-आठ किलोंचा ऐवज. मी वाकून पाहिले, तो ब्रेकचे रबर नखाएवढे उरलेले आणि रिम पावसाने निथळत असलेली.

“ब्रेक जुनेच ठेवले का हो?” मी सायकलवाल्याला विचारले.

“त्यायला काय झालंय? लागतेत की!”

लागत होते, ते पंधराच्या वेगाला. ताशी 15 किलोमीटरचे 25 झाले की वेग दुप्पटही होत नाही, पण थांबविण्याचे काम पावणेतीन पटींच्या घरात जाते; वर उताराची आणि वजनाची भर निराळीच. नियमांनी अशा सायकलीस नोंदणी माफ केली ती मोटर पाव किलोवॉटच्या आत असावी, 25 च्या वेगाला तिचे साह्य बंद व्हावे आणि ब्रेक योग्य असावेत, या अटींवर; पैकी शेवटची अट विकत घेण्याची हौस कोणास नसते.

सायकलीने घातलेला प्रश्न तो हाच: थांबणे, म्हणजेच निवृत्ती, ही शक्ती की शक्तीचा अभाव? अभाव, अशी आपली एक आळशी समजूत आहे. वीरशैवांचे शक्तिविशिष्टाद्वैत तसे मानीत नाही: शिवाची शक्ती एकच, ती लिंगाच्या, म्हणजे शिवाच्या, ठायी प्रवृत्तिरूप आणि अंगाच्या, म्हणजे जीवाच्या, ठायी भक्ती होऊन निवृत्तिरूप. परतणे हेही शक्तीचेच कार्य. मला हे पोथीतून कधी नीट उमगले नव्हते. उमगले ते गिअर नसलेल्या मोटरीवरून, जी योग्य जोडणी असल्यास उतारावर उलट वीज निर्माण करून चाकाला आवरते. ह्या सायकलीची मोटर मात्र गिअरची, लहान. तिच्यातले फ्रीव्हील शक्तीला चाकाकडे जाऊ देते, परत येऊ देत नाही. तेव्हा निवृत्तीचा सारा कारभार त्या नखाएवढ्या रबराकडे.

हे मी त्याला सांगणार, तोच तो निघालाही. पहिल्या वळणावर त्याने डाव्या पायाची चप्पल डांबरावर टेकविली, आणि ती घासल्याचा आवाज धबधब्याच्या आवाजात मिसळेपर्यंत वर ऐकू येत राहिला.